तुरटी, टाकणखार आणि लग्नाचा मांडव

मंडळी, या वीकेंडला कोडिंगला सुट्टी आणि थोडा इतिहास. विषय तसा रुक्ष, पण एप्रिल-मे मध्ये धाराशिवकडे लग्नाला जाणार असाल तर वाचाच.

कापड पेटू नये म्हणून काय करावं, हे माणसाला फार पूर्वीच समजलंय. १७३५ मध्ये ओबाडाया वाइल्ड नावाच्या इंग्रजाने तुरटी, टाकणखार आणि हिराकस यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. १८२१ मध्ये गे-ल्युसॅकने (हो, तोच, वायूंच्या नियमवाला) नाटकगृहांच्या कापडासाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार सुचवला. म्हणजे अर्धा माल आजीच्या डब्यातलाच!

आपल्याकडे मांडवांसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. त्यातली कृती अशी: वजनाने ४ भाग अमोनियम सल्फेट, २ भाग अमोनियम कार्बोनेट, १ भाग टाकणखार, १ भाग बोरिक अॅसिड, २ भाग तुरटी आणि ३५ भाग पाणी. कापड यात बुडवायचं आणि वाळवायचं. आच लागली की अमोनियम सल्फेटमधून आम्ल सुटतं, त्यामुळे सुती धाग्यातून पेटता वायू कमी निघतो आणि नुसता कोळसा होतो. टाकणखार वितळून काचेसारखा थर धरतो. अमोनियम सल्फेट तर आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचं खत.

मग अडतं कुठे? पाण्यात! हे क्षार पावसाने धुऊन जातात, आणि तंबूवाल्याला आगीपेक्षा पावसाची धास्ती जास्त. अमेरिकेत हार्टफर्डला ६ जुलै १९४४ रोजी सर्कशीचा तंबू जळून किमान १६७ माणसं गेली. पाणी झिरपू नये म्हणून त्या कॅनव्हासला चक्क पेट्रोलमध्ये विरघळवलेलं मेण लावलं होतं.

पण धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेतला. लग्नसराई कोरड्या उन्हाळ्यात. अवकाळी सोडली तर इथे हे क्षार टिकायला हरकत नाही. कळंबच्या एका लग्नात मी मांडववाल्याला हे विचारलं, तर तो म्हणाला, "दादा, सुती कापड आता कोण वापरतंय? भिजलं की चौघांना उचलत नाही." बरोबर आहे त्याचं. पॉलिस्टर हलकं, स्वस्त, चकचकीत. पण त्यात हे पाणी मुरत नाही, आणि पेटलं की ते वितळून खाली टपकतं.

हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी हेच झालं. शाळेचं स्नेहसंमेलन, सिंथेटिक छत, बाहेर पडायला एकच दार. ४४२ जण गेले, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. मानकात तर सिंथेटिक कापड आणि दोरही नको म्हटलंय. छत किमान ३ मीटर उंच, आजूबाजूच्या भिंतींपासून ३ मीटर मोकळं अंतर, वरून विजेची तार नको.

असो. सुती कापडाचं भाडं आणि हमालीचा जादा खर्च वधुपित्याच्याच माथी येणार, हे मलाही कळतं. मग निदान आचाऱ्याची भट्टी तरी मांडवापासून लांब मांडा. वारा लागू नये म्हणून तिच्याभोवती सर्रास तेच चकचकीत कापड बांधतात.