गावाच्या नावाने घेतलेली खोली: मुंबईतील गोवेकरांचे क्लब

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या स्थलांतरामागे गावाकडील रोजगाराची टंचाई हे मुख्य कारण होते, आणि १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे गोव्यातील मिठाच्या व्यवहारावर ब्रिटिशांचे नियंत्रण आल्यावर मिठागरांवर पोट असलेल्यांची ओढाताण अधिकच वाढली. मुंबईत त्यांना आगबोटींवर खलाशाचे, साहेबांच्या घरी स्वयंपाक्याचे आणि बँडमध्ये वादकाचे काम मिळे. खाण्यापिण्याचे निर्बंध आड येत नसल्याने स्वयंपाकघराची कामे त्यांना सहज साधली, तर गावच्या चर्चच्या शाळेत शिकलेले स्वरलेखन वादकांच्या उपयोगी पडले.

बोटीवरची नोकरी बहुधा एका सफरीपुरती असे. ती संपून दुसरी मिळेपर्यंत स्वस्त आणि भरवशाचा निवारा हवा, म्हणून गोव्यातील अनेक गावांनी धोबी तलाव, माझगाव अशा भागांत भाड्याच्या जागा घेऊन आपल्या गावकऱ्यांसाठी क्लब काढले. कोकणीत त्यांना ‘कूड’, म्हणजे खोली, म्हणतात. सभासदाला ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि रात्री पथारी पसरण्याची मुभा एवढेच मिळे. मात्र संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीसमोर सामुदायिक प्रार्थनेला हजर राहणे, हा नियम कसोशीने पाळला जाई. गावचे फेस्त, म्हणजे त्या संताचा वार्षिक उत्सव, इथेही साजरे होई. अनोळखी शहरात नवख्या माणसाला हक्काचे छप्पर, कामाची खबर आणि ओळखीची माणसे एकाच ठिकाणी लाभत, हे या व्यवस्थेचे खरे सामर्थ्य होय. याच गोवेकर समाजाच्या बळावर कोकणी संगीतनाटकाचा ‘तियात्र’ हा प्रकार उभा राहिला आणि त्याचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी गोव्यात नव्हे, मुंबईत झाला.

तथापि या क्लबांत स्त्रियांना राहता येत नसे, त्यामुळे आया म्हणून काम करणाऱ्या गोवेकर स्त्रियांना आसरा अन्यत्र शोधावा लागे, आणि संसार थाटू पाहणाऱ्यालाही बिऱ्हाड वेगळे करावे लागे. कूड ही एकट्या पुरुषाची सोय होती. शहरात मुळे रुजवण्याचे काम तिच्या बाहेरच झाले.

धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत असे अनेक क्लब नांदले. अशा क्लबांकडे जिथे जिथे जुनी दप्तरे व सभासदांच्या नोंदी उरल्या असतील, तिथे त्या जीर्ण होऊन नष्ट होण्यापूर्वी मुंबई आणि गोवा येथील अभिलेखागारांनी त्या जतन कराव्यात.