सोंग आणि संपादणी

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे संगणकापासून दूर होतो, आता ठीक आहे. काळजीने फोन करणाऱ्या सर्वांचे आभार.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाने आणि सूनबाईंनी आम्हा दोघांना नातवासोबत खोपोलीजवळच्या इमॅजिकात नेले. (हो, या वयात! पाळण्यात बसलो नाही, एवढे सांगून ठेवतो.) तिथे एक भुताटकीचा वाडा आहे. दाराशी काळ्या झग्यातला एक मुलगा उभा होता. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांखाली काजळ. नातवाने त्याला हसवायचा चंगच बांधला. वेडावून दाखवले, गुदगुल्या करायचा आव आणला, शेवटी विचारले, "काका, तुम्ही जेवलात का?" त्या मुलाने मान हळूच तिरकी केली आणि खोल आवाजात म्हणाला, "मी शंभर वर्षांपूर्वी जेवलो." नातू किंचाळत आजीच्या पदराआड. आम्ही सगळे हसलो. तो मात्र हसला नाही.

परतताना गाडीत मुलगा सांगत होता की या प्रकाराचे खरे गुरू अमेरिकेतले डिस्ने. १९५५ साली कॅलिफोर्नियात त्यांचे पहिले उद्यान उघडले. तिथे कामाला असलेल्यांना नोकर म्हणत नाहीत, नटसंचातले सभासद म्हणतात. झाडू मारणारासुद्धा त्यात आला. पाहुण्यांसमोर असताना तो रंगमंचावर आहे असे समजायचे. एका खेळातला गुराखी आपल्या पोशाखात दुसऱ्याच खेळाच्या जागेतून चाललेला डिस्नेसाहेबांना दिसला आणि ते खट्टू झाले, असे म्हणतात. म्हणून १९७१ साली फ्लोरिडात दुसरे उद्यान उघडले तेव्हा मुख्य भागाखाली भुयारी रस्तेच ठेवले होते. नटमंडळींनी खालून जायचे, आपापल्या जागी वर यायचे. मधे कुठे सोंग उघडे पडायला नको!

मी ऐकत होतो, पण मन केव्हाच सांगवीला पोहोचले होते. आमच्या नीरेच्या काठावर. कारण भुयार नसताना हेच काम करणारा माणूस मी लहानपणी पाहिला होता. बहुरूपी. आमच्याकडे त्याला भोरपी म्हणायचे, कुठे कुठे रायरंदही म्हणतात.

साधारण १९६० साल असेल, मी चौथीत होतो. सुगी झाली की बहुरूपी गावात यायचे. एका सकाळी अंगणात शिट्टी वाजली. खाकी कपडे, डोक्याला टोपी, काखेत छडी, हातात वही. "कुठं हाईत मालक? वारंट हाय! कालव्याचं पाणी चोरून पिकवलेल्या हरभऱ्याची चौकशी हाय!" आमची आजी भाबडी. तिचे हातपायच गळाले. "अहो साहेब, हे शेतावर गेलेत हो, बसा की, च्या ठेवते..." आजोबा मागच्या दारात उभे राहून मिशीत हसत होते. फौजदाराने वहीत बघून एकेक गुन्हा वाचायला सुरुवात केली. कोंबडीने शेजारच्या दारात अंडे घातले, मांजराने परवान्याशिवाय दूध प्यायले, नातवाने (म्हणजे मी!) पाढे चोरून ठेवले. मग कुठे आजीला उमगले, आणि ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. सूपभर ज्वारी घातली. फौजदाराने कडक सलाम ठोकला आणि पुढच्या घरी चौकशीला गेला. जाताना धन्यवाद नाही, विनवणी नाही. साहेब कशाला विनवणी करील?

त्याच दुपारी मी नदीवर गेलो. बाभळीखाली एक पाल पडले होते. फौजदारसाहेब सदरा काढून पाण्यात उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर एक तापाने फणफणलेले पोर होते. ते त्याच्या डोक्यावर पाणी थापत होते. बाजूला चुलीवर आमचीच ज्वारी रटरटत असावी. मी बघत उभा राहिलो. त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग पोर तसेच खांद्यावर ठेवून, त्याच सकाळच्या आवाजात गरजले, "काय रं पाढेचोरा, साळा सोडून हितं? वारंट काढू का?" मी धूम ठोकली. तेव्हा गंमत वाटली होती. आज पासष्ट वर्षांनी वाटते की ते ओरडणे माझ्यासाठी होते. साहेबाला रडवेले बघायची पाळी त्या माणसाने एका पोरावर येऊ दिली नाही.

मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे जरा मागे जाणे आलेच. हा धंदा किती जुना? ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०ची. तिच्या तिसऱ्या अध्यायात, कर्मयोग समजावताना, माऊलींनी बहुरूप्यांचा दाखला दिला आहे. बहुरूप्यांच्या खेळातले राजाराणी मनातून स्त्रीपुरुष नसतात, पण लोकांसमोर तसेच वागून दाखवतात. ज्ञान्यानेही जगात तसेच वागावे. त्यासाठी वापरलेला शब्द मला फार आवडतो : लोकसंपादणी. सोंग नुसते घेणे वेगळे आणि ते संपादणे, म्हणजे शेवटपर्यंत नीट निभावणे वेगळे. सातशे वर्षांपूर्वी श्रोत्यांना बहुरूपी इतका ओळखीचा होता की कठीण तत्त्वज्ञान सोपे करायला त्याला बोलवावे लागले. समर्थांच्या दासबोधातही दशावतारी खेळाचा उल्लेख आहे. डोळे मोडणाऱ्या त्या सुंदर नारी मुळात पुरुषच, हे समर्थ गमतीने सांगतात.

बहुरूपी स्वतः मात्र आपले नाते बहिर्जी नाईकांशी सांगतात. शिवरायांचा हा हेर सोंगे घेऊन शत्रूच्या गोटात हिंडे, अशी लोककथा आहे. सभासदाच्या १६९४च्या सुमाराच्या बखरीत सुरतेची बातमी आणणारा बहिर्जी जासूद भेटतो. सोंगांच्या गोष्टी मात्र लोकांच्या तोंडच्या. वर्गात मी हे दोन्ही सांगत असे आणि कशाला पुरावा म्हणायचे तेही सांगत असे. पण एक विचार तेव्हा सुचला नव्हता. हेराचे सोंग समोरच्याला कळता कामा नये, आणि बहुरूप्याचे सोंग समोरच्याला कळलेच पाहिजे. आधी घाबरायचे, मग ओळखायचे, मग हसायचे, मग सूप भरून आणायचे. चारही पायऱ्या झाल्या तरच त्याच्या घरी चूल पेटणार. म्हणजे सोंग एकट्याचे नसते. अर्धे तो आणतो, अर्धे गाव निभावते.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम १७१ सरकारी नोकराचा पोशाख घालणे हा गुन्हा म्हणत असे, पण फसवण्याचा हेतू असेल तर. आमच्या फौजदाराचा हेतू कोंबडीच्या अंड्यापलीकडे गेला नव्हता! दुसरीकडे १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा पाहा. सार्वजनिक जागी गाणे, नाच, भविष्यकथन किंवा खेळ करून काही मागणे हेसुद्धा त्याने भीक मागण्यातच धरले. कलावंताला भिकाऱ्याच्या खात्यात टाकायला एक ओळ पुरली.

आता माझी गोष्ट सांगतो, जी घरातही कुणाला सांगितलेली नाही.

१९८४-८५ साल असेल. एका हायस्कूलमध्ये मी पाचवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात बहुरूप्याचा एक मुलगा होता. मधूनमधून येई, पण अक्षर मोत्यासारखे. एके दिवशी मधल्या सुट्टीत फाटकाशी शिट्टी वाजली. पोरे धावली. खाकीतला फौजदार एकेका पोराला दरडावून नाव विचारत होता आणि वहीत लिहून घेत होता. हशा चालला होता. आम्ही मास्तर मंडळीही व्हरांड्यात उभे राहून हसत होतो. फौजदार सरकत सरकत त्या मुलापुढे आला. माझ्या ध्यानात आले, बाप आणि लेक. पोरांनाही ठाऊक असावे, कारण सगळी एकदम गप्प झाली.

बाप थांबला नाही. त्याच आवाजात म्हणाला, "नाव सांग रं!" मुलाने ताठ उभे राहून आपले नाव सांगितले. मग बापाचे नाव, मग आडनाव, सगळे स्पष्ट. फौजदाराने वहीत लिहिले आणि म्हणाला, "ह्यो हुशार दिसतोय. ह्याला सोडा." पुढच्या पोराकडे वळला. पोरे पुन्हा हसू लागली.

माझ्या हातात तेव्हा हजेरीपट होता. त्यात त्या मुलापुढे गैरहजेरीची रांग होती. दोन महिन्यांनी पाल हलले, मुलगा यायचा बंद झाला, आणि नियमाप्रमाणे मी त्याचे नाव पटावरून कमी केले. लाल शाईने रेघ मारली. कुठे गेले, पुढच्या गावच्या शाळेत दाखला हवा का, हे विचारायला मी नदीपर्यंतसुद्धा गेलो नाही. बापाने दोन मिनिटांत पोराची लाज राखली. मी वर्षभरात त्याच्यासाठी एक कागद लिहिला नाही. तेव्हा माझे काही चुकले असे मला वाटलेही नव्हते. मीही मास्तराचे सोंगच संपादत होतो म्हणायचे.

शाळेत आम्ही बालगंधर्वांची गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत असू. १२ मार्च १९११, मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. तरी ते भामिनी होऊन उभे राहिले, प्रयोग झाला. ही निष्ठा मोठीच, त्यात वाद नाही. पण तापलेले पोर खांद्यावर घेऊन वारंट काढणाऱ्याची गोष्ट कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? एकाला आपण नटसम्राट म्हणतो, परदेशातल्याला नटसंचाचा सभासद म्हणतो, आणि आपल्या दारातल्याला म्हणतो, "पुढं जा बाबा."

आणि आता तर दारेही बंद झाली. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झाले ते आठवत असेल. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे बाजाराच्या दिवशी गावात उतरली. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने पाचही जणांना मारून टाकले. ते बहुरूपी नव्हते, पण तसेच गावोगाव मागून पोट भरणारे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गाव ओळखत होते, त्यांना ओळखणारे कुणी उरले नव्हते. वर म्हटले ना, अर्धे सोंग गाव निभावते. गावाने आपले अर्धे सोडून दिले की दारातला माणूस नुसता अनोळखी उरतो.

सांगवीत आता बहुरूपी क्वचितच दिसतो. गेल्या वर्षी एक आला होता, असे धाकट्या भावाने सांगितले. फाटक लावलेले होते. आतून कुणीतरी कॅमेऱ्यात बघून "नको" म्हणाले. तो शिट्टी वाजवून, सलाम ठोकून गेला म्हणे. बंद फाटकाला सलाम!

त्या इमॅजिकातल्या मुलाविषयी मला राग नाही, उलट कौतुकच आहे. त्याला महिन्याचा पगार मिळतो, सुट्टी मिळते, पाळी संपली की तोंड धुऊन तो घरी जातो. तसेच व्हावे. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. फक्त हे तिकीट आपण दीड-दोन हजारांना काढतो आणि तेच काम दारात आले की कडी लावतो, एवढे मनात आले ते लिहिले.

पुण्यामुंबईच्या भाचे-पुतण्यांनो, गावी याल तेव्हा दारात शिट्टी वाजली तर आधी थोडे घाबरा. मग ओळखा. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. आणि त्याच्याबरोबर एखादे पोर असेल तर ते कुठल्या इयत्तेत आहे, तेवढे जरूर विचारा. माझे विचारायचे राहून गेले.

असो. डोळ्याला ताण पडतो आहे, थांबतो.