थॉमस चिपेंडेल : उमरावांचे वैभव आणि कारागिराची उधारी

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ग्राहकाच्या मागणीनुसार लाकडी फर्निचर घडविणाऱ्या कारागिरांत थॉमस चिपेंडेल (१७१८–१७७९) यांचे नाव अग्रगण्य मानले जाते. १७५४ मध्ये त्यांनी आपल्या नमुन्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील आकृत्यांवरून ग्राहकाला आपली पसंती ठरविता येई. हेअरवुड हाऊससाठी १७७३ मध्ये घडविलेल्या, जडणकाम केलेल्या एका कपाटाचे मूल्य ८६ पौंड होते. मात्र लाकूड व मजुरी यांचा खर्च प्रथम कारागिरालाच सोसावा लागे आणि ग्राहकांकडून देयके थकत. नॉस्टेल प्रायरीचे सर रोलंड विन यांना चिपेंडेल यांनी पैशांसाठी विनवणीची पत्रे लिहिली. पुढे व्यवसाय सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलाचे १८०४ मध्ये दिवाळे निघाले. सारांश, हे फर्निचर उमरावांच्या ऐश्वर्याइतकेच कारागिराने सोसलेल्या उधारीचेही साक्षीदार आहे.