वनाधिकाऱ्याचे लेखनाचे टेबल : नवेगावबांध आणि मारुती चितमपल्ली

१/
महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस, तर ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा. पहिले जगद्विख्यात पक्षिशास्त्रज्ञ; दुसरे वनखात्यातील अधिकारी, ज्यांनी नोकरी सांभाळून मराठीत ग्रंथ लिहिले. त्या लेखनाची मुळे शोधत गेल्यास आपण गोंदिया जिल्ह्यातील एका तलावाकाठी येऊन पोहोचतो. हा थ्रेड त्या तलावाचा, त्या अधिकाऱ्याच्या टेबलाचा आणि टेबलापर्यंत ज्यांचे ज्ञान पोहोचले त्या माणसांचा आहे.

२/
प्रथम स्थळ. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे चितमपल्लींच्या काळातील सर्व कागदपत्रांत हे गाव भंडारा जिल्ह्यातच सापडते. गावाच्या नावातील ‘बांध’ म्हणजे येथील प्रचंड तलाव. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. भोवतालच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि तलाव बांधणारा माणूस पुढे ‘कोलासुर’ नावाने देव होऊन बसला.

३/
पूर्व विदर्भाचा इतिहास समजून घेताना कोहळी समाजाला वगळता येत नाही. दोन टेकड्यांमधील उतार हेरणे, मातीची पाळ घालणे, तुडूम बसवून पाणी पाटात सोडणे आणि त्यावर ऊस व धान पिकवणे, हे त्यांचे पिढीजात कसब होते. हे स्थापत्यशास्त्रच होते. मात्र त्याचे पुस्तक कोणी लिहिले नाही. उंची, उतार, माती यांचे सारे हिशेब माणसांच्या तोंडी राहिले. पुढे जे घडले, ते समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

४/
या मुलखावर पुस्तके लिहिली गेली नव्हती असे मात्र नाही. मध्य प्रांतात इंग्रज अधिकाऱ्यांनी ती विपुल लिहिली. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये आले. वनाधिकारी डनबर ब्रँडर यांनी येथील वन्य प्राण्यांवर १९२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दौऱ्यातील नोंदी, शिकारीचे अनुभव आणि बंगल्यातील निवांत संध्याकाळ यांतून हे लेखन घडत असे.

५/
यांतील सर्वांत मोठा प्रकल्प आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. तो पाहायला रसेल हयात नव्हते. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ ही आगबोट पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली, त्यात त्यांचा अंत झाला. ग्रंथ अमोल, पण इंग्रजीत. ज्यांच्याविषयी तो होता, त्या गोंड, कोहळी, ढिवर लोकांपैकी तो वाचू शकणारे अगदीच विरळा.

६/
या पार्श्वभूमीवर चितमपल्लींकडे पाहावे. जन्म १९३२, सोलापूर. घरची भाषा तेलुगू. शालेय शिक्षणाचा काही भाग नॉर्थकोट टेक्निकल हायस्कूलमध्ये झाला. पुढे १९५८ ते १९६० या काळात कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात त्यांनी प्रशिक्षण घेतले. साहित्याच्या प्राध्यापकाची ही वाट नव्हे. ती तंत्रशिक्षण घेतलेल्या एका सरकारी नोकराची आहे.

७/
तत्कालीन वनविद्या म्हणजे काय? झाडाचा घेर मोजून लाकडाचे आकारमान काढणे, कूप आखणे, तोडीचे वेळापत्रक ठरवणे, रोपवन लावणे, वणव्यापासून जंगल राखण्यासाठी जाळरेषा काढणे. जंगल हे उत्पन्नाचे साधन, आणि वनाधिकारी त्या उत्पन्नाचा तांत्रिक व्यवस्थापक. पाखरांची लोकभाषेतील नावे हा या विद्येतला परीक्षेचा विषय नव्हता.

८/
नोकरीत लिहावे मात्र पुष्कळ लागे. दौऱ्याची रोजनिशी, टिपणी, अहवाल, कार्य आयोजना. जंगलातल्या मुक्कामी कचेरी आणि निवास यांत अंतर थोडेच असते. काम घरात येते आणि घर कामात मिसळते. आज ‘घरून काम’ हा शब्द नवा वाटतो, पण जंगलातील सरकारी निवास कित्येक पिढ्या हेच जगत आला. एकाच टेबलावर तोडीचा हिशेबही होई आणि पत्रेही लिहिली जात.

९/
कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही चितमपल्लींच्या सेवेतील ठळक ठिकाणे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे ते संचालकही होते. यांत नवेगावबांधचे स्थान वेगळे. हिवाळ्यात तलावावर उतरणारे स्थलांतरित पक्षी, काठचे दाट जंगल आणि त्या जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसे, असे तिन्ही योग येथे जुळून आले. या काळावर त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ हे स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

१०/
त्या माणसांत अग्रभागी होते माधवराव पाटील, गावचे प्रतिष्ठित गृहस्थ आणि जंगलाचे जाणकार. चितमपल्लींच्या लेखनात ते पुनःपुन्हा भेटतात, आणि भेटतात ते मार्गदर्शक म्हणून. पदाची उतरंड पाहता अधिकारी वर आणि गावकरी खाली. पुस्तकाच्या पानावर मात्र शिकवणारा गावकरी असतो आणि शिकणारा अधिकारी. फॉर्सिथ किंवा ब्रँडर यांच्या परंपरेशी तुलना केली की हा बदल किती मोठा आहे, ते कळते.

११/
असे माहितगार आणखीही होते. पाण्यातील जीव ओळखणारे ढिवर, माग काढणारे गोंड, रानातील झाडपाल्याचे गुण सांगणारे वृद्ध. त्यांच्यापाशी प्रत्येक पक्ष्याला, माशाला, झाडाला नाव होते. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ पासून उपलब्ध होते, पण ते इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला तलावावरचे बदक ओळखायचे असेल, तर एक तर इंग्रजी यावे लागे किंवा ढिवराशी मैत्री असावी लागे.

१२/
चितमपल्लींचा खरा प्रकल्प येथे सुरू होतो : लोकांच्या तोंडी असलेली वनविद्या मराठी ग्रंथांत आणणे. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात नोंदी. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’ (१९८५), ‘रानवाटा’ (१९९१), ‘शब्दांचं धन’ (१९९३) ही पुस्तके त्यातून क्रमाने उभी राहिली. शेवटच्या शीर्षकातच त्यांची दृष्टी दिसते. सरकारी दप्तरात वनाचे धन म्हणजे साग, बांबू, तेंदूपत्ता. येथे शब्द हेच धन ठरले.

१३/
जिथे लोकभाषेत शब्द सापडला, तिथे त्यांनी तो उचलला. जिथे शास्त्रीय संज्ञा हवी होती, तिथे संस्कृताच्या आधाराने घडवली. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेला ‘रातनिवारा’. संस्कृत त्यांनी पाठशाळेत पारंपरिक पद्धतीने शिकून घेतले होते, आणि जर्मन व रशियन भाषांचाही अभ्यास केला होता. हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या मराठी अनुवादातही त्यांचा वाटा आहे.

१४/
त्याच काळात व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले. तेही नोकरदार लेखक, आकाशवाणीत. मात्र माडगूळकर जंगलात काही दिवसांसाठी राहायला आले होते. पाहुण्याची ताजी, एकाग्र नजर त्या पुस्तकात आहे. चितमपल्ली येथे नेमणुकीवर होते. वर्षाचे सर्व ऋतू, वणवे, चोरटी तोड आणि वरून आलेली परिपत्रके, सारे त्यांच्या वाट्याला आले. एकाच मुलखावरील ही दोन लेखने शेजारी ठेवून वाचावीत.

१५/
आता या कथेतील अवघड भाग. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास बंदी आली, वनोपज गोळा करण्यावर कठोर निर्बंध आले. म्हणजे ज्या गोंड-ढिवरांकडून शब्द मिळत होते, त्यांच्याच जंगलातील वावरावर कायद्याने सीमा घातली, आणि ती राखणे हे वनखात्याचेच काम होते.

१६/
या विसंगतीचे सोपे उत्तर नाही. संरक्षणाविना ते जंगल कुऱ्हाडीखाली गेले असते, हे खरे. पण माणसाचा वावर थांबला की त्या वावरातून जन्मलेले शब्दही थांबतात, हेही खरे. जो मुलगा जंगलात गुरे घेऊन जात नाही, त्याला आजोबांनी सांगितलेली पाखरांची नावे कशी ठाऊक असणार? एका हाताने सीमा राखणारे खाते आणि दुसऱ्या हाताने त्या सीमेपलीकडची भाषा टिपून ठेवणारा त्याच खात्यातील अधिकारी, असे हे चित्र आहे.

१७/
१९९० मध्ये उपमुख्य वनसंरक्षक पदावरून ते निवृत्त झाले. कचेरी सुटली, टेबल राहिले. येथून पुढचे काम अधिकच चिकाटीचे : कोशांचे. ‘पक्षिकोश’ २००२ मध्ये आला. त्यापाठोपाठ ‘प्राणिकोश’ आणि ‘मत्स्यकोश’. एका पक्ष्याची प्रदेशागणिक बदलणारी नावे एकत्र आणणे, संस्कृत आणि शास्त्रीय नावांशी त्यांची सांगड घालणे, वर्णन लिहिणे. असे काम संपादक मंडळे करतात. येथे ते प्रामुख्याने एका माणसाच्या घरात झाले.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे लेखन सावधपणेही वाचावे. चितमपल्लींच्या पानावर प्रत्यक्ष निरीक्षण, ऐकीव माहिती आणि लोककथा सहज एकमेकींत मिसळतात. पशुपक्ष्यांची भाषा शिकवणाऱ्या दंतकथेतील पोथीवर त्यांनी ‘निळावंती’ लिहिले, तेही याच ओढीने. त्यातील प्रत्येक विधान प्राणिशास्त्राचा पुरावा म्हणून चालणार नाही. पण विसाव्या शतकातील पूर्व विदर्भातील माणसे जंगलाकडे कसे पाहत होती, याचा पुरावा म्हणून ते मोलाचे आहे.

१९/
मानसन्मान पुढे आले. २००६ मध्ये सोलापूर येथे भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जन्मगावातच हा मान मिळाला. २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. इकडे नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला होता.

२०/
कोलू पाटलाची पाळ तीनशे वर्षे पाणी अडवून आहे. ती कशी बांधली हे सांगणारे पान मात्र कोठेही नाही. पाखरांच्या, माशांच्या, झाडांच्या नावांचेही असेच झाले असते. एका अधिकाऱ्याने नोकरीनंतरचे तास त्या नावांना दिले, म्हणून त्यांतील काही उरली. उरली ती सांगणाऱ्यांमुळे आणि लिहिणाऱ्यामुळे. दोघांचे ऋण सारखेच.

२१/
काम संपलेले नाही. पाळ, तुडूम, पाट यांसारख्या तलावांच्या शब्दांचा स्वतंत्र कोश व्हायला हवा, आणि ते शब्द वापरणारी पिढी आता वृद्ध आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली यांपैकी कोठे आजोळ असेल, तर पुढच्या सुट्टीत वही घेऊन तलावाच्या पाळीवर जावे. शब्द लिहावा, अर्थ लिहावा, आणि ज्याने सांगितला त्याचे नाव त्याला विचारून शेजारी लिहावे.

(समाप्त)