१ ऑगस्ट आणि अण्णाभाऊंची मैना

दर १ ऑगस्टला आपल्या सोसायटीच्या ऑफिसात लोकमान्यांच्या फोटोला हार घालतात, मुलं शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात आणि पेढे वाटले जातात. १९२० साली त्या दिवशी टिळक मुंबईत सरदारगृहात गेले. पण त्याच दिवशी आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णाभाऊ जन्मले. त्यांचं नाव आपल्या कार्यक्रमात पंचवीस वर्षांत एकदाही निघालं नाही.

'फकिरा' कादंबरी बऱ्याच जणांनी वाचली असेल. मला मात्र शाहीर अण्णाभाऊंबद्दल लिहायचंय. वाटेगावहून मुंबईला आलेल्या, गिरणीत राबलेल्या या माणसाने १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाच्या गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केलं. २००२ साली १ ऑगस्टलाच पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. मुंबईला पोटासाठी आलेला गडी, गावी राहिलेली बायको. ऐकणारा त्या विरहात पुरता गुंतला की गाणं बेळगाव-कारवारकडे वळतं. महाराष्ट्राचीही मैना अशीच लांब राहिली! पुढे विठ्ठल उमपांच्या आवाजात ती घरोघरी पोचली.

आमच्या घरी ती रेडिओवर लागली की वडील आवाज वाढवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. १९८२ च्या संपात मुंबईची गिरणी सुटली, मग ते भिवंडीत लूमवर आले. आई अकरा वर्षं गावीच होती. त्यांना बेळगाव नाही, आईच आठवत असणार. आई मात्र आजही म्हणते, "गाणं बरंय रे, पण मैनेला कुणी विचारलं का?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

भिवंडीत तर ही गोष्ट एकट्या मराठी माणसाची नाहीच. आझमगढहून, करीमनगरहून आलेल्या कारागिरांच्याही मैना गावीच राहिल्या. भोजपुरीत भिखारी ठाकूरांचं 'बिदेसिया' नाटक आहे, तेही परमुलखात गेलेल्या नवऱ्याचं आणि मागे राहिलेल्या बायकोचं. आपल्या ए विंगमधल्या काकांनी त्यातली गाणी म्हणून दाखवली, तेव्हा शब्द कळले नाहीत तरी आई पदर डोळ्यांना लावून बसली होती.

यंदा १ ऑगस्टला लोकमान्यांशेजारी अण्णाभाऊंचाही फोटो असावा आणि स्पीकरवर ती छक्कड लागावी, एवढीच विनंती. फोटो मी आणून ठेवलाय. खिळा तेवढा कमिटीने ठोकावा.