बागेचा विसावा



काश्मीरच्या सफरचंदाला कोणी 'आता झोप' म्हणून सांगत नाही. तिकडे दिवस लहान होऊ लागला, गारवा वाढला, की झाड पानातला कस फांद्यांत आणि मुळांत ओढून घेते, पाने गाळते आणि तीन-चार महिने निपचित पडते. त्याचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय फुटतच नाहीत. अधेमधे एखादा उबदार दिवस आला तरी झाड फसत नाही.

आपल्याकडे तसे नाही. निफाडला पारा पाच-सहावर उतरला की पेपरात शेकोटीचे फोटो येतात खरे, पण त्याच दिवशी दुपारी स्वेटर काढावा लागतो. आपली द्राक्षे, अंजीर, डाळिंब ही मूळची पश्चिम आशियाकडची, इराण आणि त्याच्या आसपासच्या मुलखातली. थंडीत पानगळ करून झोपायची त्यांची रीत. इथे आली आणि त्यांची झोपच गेली. द्राक्षवेल आपल्याकडे सोडून दिली तर बारा महिने हिरवी राहते, पाने फुटत राहतात, वेल वाढत राहते, पण घड मनासारखा लागत नाही. झाडाला जर आपणहून झोप येत नसेल, तर ती माणसाने आणायची. आपल्या भागात हे काम शेकडो वर्षे चालू आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

मोरोक्को देशाचा एक प्रवासी होता, इब्न बतूता. मुहम्मद तुघलकाच्या काळात तो दिल्लीत होता आणि १३४२ च्या सुमारास दक्षिणेकडे निघाला तेव्हा आपल्या दौलताबादला आला. तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, हे त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे. त्याच्या मुलखात एकदाच येत असणार, म्हणून त्याला नवल वाटले. आपण ते वाक्य वाचतो तेव्हा आपल्याला दुसरेच दिसते. झाड झोपत नाही, म्हणून तर दोनदा फळते! त्या बागा कोण खुरपत होते, पाणी कोण देत होते, हे मात्र त्या वाक्यात येत नाही. जुन्या लिखाणात बहुतेक वेळा असेच असते. फळ दिसते, हात दिसत नाहीत.

पुढे पाचशे वर्षांनी इंग्रज सरकारने जिल्ह्याजिल्ह्याचे गॅझेटियर छापले. नाशिकचे १८८३ चे, पुण्याचे १८८५ चे. त्यात इकडच्या द्राक्षमळ्यांची वर्णने आहेत. तेव्हा लोखंडी अँगल आणि तारा नव्हत्या. वेल पांगाऱ्याच्या खोडावर चढवत. वेलीला तेव्हाही दोन बहार येत. एक पावसाळ्यात पिकणारा, आंबट. दुसरा उन्हाळ्याच्या तोंडावर पिकणारा, गोड. श्रावणात ना ऊन ना वारा, फळात पाणी भरते, साखर उतरत नाही, मणी तडकतात. म्हणून बागायतदार आंबट बहाराच्या नादी फारसे लागत नसत, त्यांची सगळी भिस्त गोड बहारावर. ऑक्टोबरच्या छाटणीला आपल्या बायका आजही 'गोडी छाटणी' म्हणतात. पुरंदरच्या अंजिरालाही असेच दोन बहार आहेत, त्यांची नावेच खट्टा आणि मीठा.

विचार करा, वेल दोनदा द्यायला तयार आहे आणि शेतकरी एकदाच घेतो. अर्धे फळ सोडून द्यायचे हे शहाणपण त्या लोकांना कोणत्या पुस्तकातून आले नसणार. एकदा दोन्ही बहार घेऊन पुढच्या वर्षी रिकाम्या वेलीखाली उभे राहिलेल्यांनीच ते शिकवले असेल, असा माझा अंदाज.

आता झोप आणायची कशी? थंडी तर आपल्या हातात नाही. पाणी आहे. पाणी तोडायचे, म्हणजेच ताण द्यायचा. डाळिंब आणि संत्र्याच्या बागेत ही रीत जुनी आहे. पाणी बंद करायचे, खोडाभोवतीचे आळे उकरायचे, काही ठिकाणी वरची मुळे उघडी करून त्यांना ऊन दाखवायचे. हलक्या जमिनीत थोड्या दिवसांत पाने पिवळी पडतात, काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात, कारण काळी माती पोटात पाणी धरून ठेवते. नवी पालवी थांबली की पानांनी केलेले अन्न खर्च होत नाही, ते फांदीत साठते. मग मुळांवर माती आणि शेणखत ओढायचे, आधी हलके पाणी द्यायचे, मग भरपूर. साठवलेला कस फुलांत उतरतो. याला बहार धरणे म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याला मोहोर येतो तेव्हा धरला तो आंबे बहार, मृगाच्या पावसावर धरला तो मृग बहार, हस्त नक्षत्राच्या सुमारास धरला तो हस्त बहार. ताण किती द्यायचा याला मात्र डोळा लागतो. पाने पिवळी होऊन गळाली तर ठीक, शेंडे वाळू लागले तर ताण जास्त झाला.

अशीच अडचण दूर इंडोनेशियात जावा बेटावर आली. विषुववृत्ताच्या जवळचा तो मुलूख, हिवाळा असा नाहीच. डचांच्या राज्यात तिथे बातू नावाच्या डोंगराळ गावात सफरचंद लावले गेले. झाड झोपेना. तिथल्या लोकांनी वेगळाच उपाय धरला. फळ काढून झाले की महिनाभरात झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडून काढायची. झाडाला वाटते, हिवाळा येऊन गेला. नवी फूट येते, फुले येतात. तिथेही वर्षात दोन पिके निघतात.

हीच युक्ती कुंडीतल्या झाडाला चालते. काही गटांनी रोपवाटिकेत बोन्साय करायला घेतले आहेत, त्यांच्यासाठी एवढे सांगते. डाळिंब, अंजीर अशा पानगळीच्या झाडांना दसऱ्यानंतर युरिया किंवा जोरकस खत देऊ नका. पाणी कमी करा, पण कुंडीची माती खडखडीत वाळू देऊ नका. शेतातली मुळे खोल जाऊन ओल शोधतात, कुंडीतल्या मुळांना जायला जागा नसते. बागेसारखा कडक ताण दिलात तर झाड गेलेच म्हणून समजा. कुंडी घरात घेऊ नका, उघड्यावर थंडी लागू द्या. डिसेंबरअखेर जुनी पाने तरीही चिकटून राहिली तर देठ ठेवून कात्रीने कापा, देठ आपोआप गळतो. कोंब फुगू लागले की मग छाटणी आणि माती बदलणे.

परत आपल्या बागांकडे येऊ. गेल्या शतकात या कामात शास्त्र आले. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये डाळिंबाचे एक वाण निवडले, तेच पुढे 'गणेश' नावाने घरोघर गेले. द्राक्षातही त्यांच्या नावाचे वाण आहे, चीमा साहेबी. पुढे बिनबियांची थॉम्पसन आली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तिच्यातून तास-ए-गणेश निवडली, सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. दोन छाटण्या आणि एकच पीक ही पद्धत पक्की झाली. एप्रिलात खरड छाटणी, तिच्या फुटीत उन्हाळ्यात घडाचा डोळा तयार होतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर घड येतो. माल निघाल्यावर खरड छाटणीपर्यंत वेलीला दोन-तीन आठवडे तरी विसावा द्यायचा.

झोप आणायला आणि मोडायलाही औषधे आली. छाटणीआधी पानगळीसाठी इथ्रेल. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड. याची सुरुवात जपानमध्ये कॅल्शियम सायनामाइड वापरून झाली होती. या औषधाला आपल्याकडे 'पेस्ट' म्हणतात आणि पेस्ट लावायला असतात बायका. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात दिंडोरी-निफाडला. हातात फडक्याचा बोळा, डोळा न डोळा पुसत जायचे. सख्यांनो, हे औषध कातडी जाळते, डोळ्यांत गेले तर फार वाईट. रबरी हातमोजे मालकाकडे हक्काने मागा. फडके गुंडाळले म्हणजे मोजा होत नाही. आणि घरचा माणूस या कामाला जात असेल तर त्याला बजावा, या औषधाच्या कामाच्या आगेमागे काही दिवस दारू अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास अडकतो. हे नुसते भीती घालायला सांगत नाही, औषधाचा गुणच तसा आहे.

डाळिंबाची गोष्ट जास्त कडू आहे. भाव चांगला, पाणी ठिबकचे, मग एका बहारामागे लगेच दुसरा, असे अनेकांनी केले. थकलेल्या बागांत तेल्या शिरला आणि २००० नंतरच्या वर्षांत कितीतरी बागा उपटाव्या लागल्या. तेल्याला विसावा न देणे हे एकच कारण नाही, दमट हवा आणि रोगट रोपे हीही आहेत. पण २००५ मध्ये सोलापूरला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, त्याचाही सल्ला हाच आहे की वर्षात एकच बहार धरा आणि तोडणीनंतर बागेला तीन-चार महिने विश्रांती द्या.

इथे बचत गटाचा संबंध येतो. मी गटांच्या वह्या बघते. झाडाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आपला हप्ता दर महिन्याला. हप्त्याच्या धाकाने बाई थकल्या बागेलाच पुन्हा पाणी सोडते. तिकडे बिनजमिनीच्या सख्यांचा प्रश्न उलटा. बागेचा विसावा म्हणजे त्यांचा खाडा. खुरपणी नाही, विरळणी नाही, रोज नाही. दोघी एकाच गटात, एकाच सतरंजीवर बसतात आणि एकीच्या बागेची झोप दुसरीच्या चुलीवर येते.

काही गटांनी यावर ठराव केला आहे. बागवाल्या सखीने विश्रांतीच्या महिन्यांत फक्त व्याज भरायचे, मुद्दल फळ विकल्यावर. त्याच महिन्यांत अंतर्गत कर्जाचा पहिला मान मजुरीवर जगणाऱ्या सख्यांचा. तुमच्या गटात बागवाल्या किती आणि बागेत रोजाने जाणाऱ्या किती, हे पुढच्या बैठकीत मोजून बघा. आंबे बहाराचा ताण सुरू व्हायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या आसपास ही बैठक घेतली तर वहीत हप्ते नव्याने मांडायला वेळ मिळतो.