मुक्तिबोधांचा तिसरा क्षण

सुचलेली कल्पना लगेच टिपून ठेवावी, नाहीतर ती हातची जाते, असे नवोदितांना हमखास सांगितले जाते. सल्ला वाईट नाही. पण कल्पना सुचते तेव्हाच ती पुरी असते, हे त्यात गृहीत धरलेले असते. गजानन माधव मुक्तिबोधांना (१९१७–१९६४) ते मान्य झाले नसते.

घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी, आणि हे मात्र हिंदीत लिहिणारे. त्यांचे 'एक साहित्यिक की डायरी' हे पुस्तक नावापुरतेच रोजनिशी आहे. त्यात तारखा नाहीत, दिनक्रम नाही. आहेत ते वाद, बरेचसे एखाद्या मित्राशी घातलेले. हरिशंकर परसाईंच्या जबलपूरच्या 'वसुधा'त हे लेखन येत असे.

त्यातल्या 'तीसरा क्षण'मध्ये केशव नावाचा मित्र निर्मितीचे तीन क्षण सांगतो. पहिला, उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिलेल्या फँटसीचे रूप घेतो. तिसरा क्षण शब्दांत उतरण्याचा. 'क्षण' म्हटले तरी हा तिसरा चांगलाच लांबतो, कारण भाषा ती फँटसी जशीच्या तशी उचलत नाही. शब्द आपले अर्थ, आपली संगत बरोबर घेऊन येतात आणि लिहिता लिहिता मूळ चित्रच पालटते. म्हणजे टिपून ठेवलेली गोष्ट आणि सुचलेली गोष्ट एक नव्हेच!

हा नुसता सिद्धान्त नव्हता, सवयही तशीच होती. आपल्या छोट्या कविता छोट्या नसून अपुऱ्या राहिलेल्या आहेत, असे त्यांनी याच पुस्तकात म्हटले आहे. नोकऱ्या, गावे बदलत गेली. १९५८पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात थोडे स्थैर्य आले. तिथेही एकेका दीर्घ कवितेवर ते पुन्हा पुन्हा हात फिरवीत राहिले. मला यात चिकाटीइतकाच हट्टही दिसतो: कविता संपली असे कबूल न करण्याचा.

त्याची किंमतही होती. १९४३च्या 'तार सप्तक'मध्ये अज्ञेयांनी निवडलेल्या सात कवींत ते होते. त्यानंतर एकवीस वर्षे उलटली, तरी स्वतंत्र संग्रह हातात पडला नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' त्याच वर्षी निघाला, त्यांनी न पाहिलेला. उरलेले कागद लावायला आणखी सोळा वर्षे गेली. नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली सहा खंडांची रचनावली १९८०मध्ये आली.

'अँधेरे में' ही त्यांची सर्वांत गाजलेली कविता. मृत्यूनंतर दोन महिन्यांनी हैदराबादच्या 'कल्पना'त ती छापून आली तेव्हा तिच्या नावाआधी 'आशंका के द्वीप' असे आणखी तीन शब्द होते. संग्रहात ते नाहीत.